काकूंची वही संगणकात शिरते तेव्हा

दिवाळीचा फराळ ऑर्डरप्रमाणे करून देणारी घरे आता दादर-पार्ल्यापुरती किंवा पुण्याच्या पेठांपुरती राहिलेली नाहीत. इंदूर, बडोदा, बंगळूर, हैदराबाद, जिथे म्हणून चार मराठी बिऱ्हाडे आहेत तिथे चकली-कडबोळ्यांचे डबे भरून देणारी एखादी काकू सापडतेच. आणि अशा घरात एक वही असते. तिच्या कोपऱ्यांना तेल लागलेले, पानांत कुरिअरच्या पावत्या खोचलेल्या, आणि मजकूर असा की लिहिणाऱ्याखेरीज तो कोणाला उलगडू नये. ‘जोशी (लाल गेट), २ अना., १ चि., मागचे ३०० येणे, मुलीचे वेगळे.’ या एवढ्याशा ओळीत गिऱ्हाईक आहे, पत्ता आहे, माल आहे, उधारी आहे. शिवाय अमेरिकेतल्या मुलीला पाठवायची एक दुसरी ऑर्डरही त्यातच दडलेली आहे.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. काकूंनी वीस वर्षे वहीवर धंदा केला. आता सून हाताशी आली आहे. ऑर्डरी शंभराच्या हजार झाल्या. फोन, व्हॉट्सॲप, ई-मेल आणि दारात उभे राहून सांगितलेले निरोप, अशा चार वाटांनी मागण्या येतात. गेल्या दिवाळीत दोन घरांचे अनारसे एकमेकांकडे गेले आणि पाडव्याच्या सकाळी फोनवर क्षमा मागण्यात काकूंचा दिवस गेला. सून म्हणते, “आई, आपण आपल्या धंद्यापुरते वेब ॲप्लिकेशन करून घेऊ या. सगळे एका ठिकाणी येईल.” काकूंना तो शब्द नवा नाही, नातवाच्या तोंडून त्या रोज ऐकतात. त्यांची शंका निराळी असते. “त्यात मागचे तीनशे येणे कुठे लिहायचे?”

पुष्कळांना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटेल. प्रत्यक्षात पुढच्या सहा महिन्यांच्या कामातला हा पहिला शहाणा प्रश्न असतो.

वेब ॲप्लिकेशन म्हणजे काय, हे सांगायला फार वेळ लागत नाही. साधी वेबसाइट ही दुकानावरची पाटी. ती वाचायची आणि पुढे जायचे. वेब ॲप्लिकेशनमध्ये माणूस आत येतो, काही मागतो, काही लिहून ठेवतो, आणि त्याच्या लिहिण्याने आतला हिशेब बदलतो. समोर दिसतो तो ब्राउझरमधला पडदा. त्यामागे कुठेतरी दूरच्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, आणि त्याच्याही मागे डेटाबेस, म्हणजे सगळी माहिती रांगेत लावलेली कोठी. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर पानात वाढणारा, चुलीपाशी उभा असलेला आणि कोठीची किल्ली सांभाळणारा असे तिघे. किल्लीवाला बिनचूक असला की बाकीच्या दोघांच्या चुका निस्तरता येतात.

जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली ती शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांना जोडण्यासाठी. दुकान चालवणे त्यांच्या मनात नव्हते. १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांना मोफत खुले केले, आणि १९९५ मध्ये अमेरिकेत पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी ‘व्हायावेब’ नावाचे काम सुरू केले. व्यापाऱ्याने आपले दुकान स्वतः इंटरनेटवर मांडावे, आणि त्यासाठी आपल्या संगणकात काहीही बसवू नये. प्रोग्राम आमच्याकडे चालेल, तुम्ही ब्राउझरमधून बटणे दाबा, अशी ती योजना. विंडोजसाठी प्रोग्राम लिहिण्याची दोघांनाही इच्छा नव्हती, हेही त्यामागचे एक कारण होते! १९९८ मध्ये याहूने ते विकत घेतले. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत. म्हणजे काकूंची वही आणि ही विद्या, दोघी जवळजवळ एका पिढीच्या.

पण धंद्यासाठी बेतून केलेल्या प्रोग्रामची गोष्ट वेबच्या कितीतरी आधी सुरू होते, आणि गंमत म्हणजे तीही खाण्याच्या धंद्यातच सुरू होते.

लंडनची जे. लायन्स अँड कंपनी ही चहा आणि केकची कंपनी. तिचे पहिले चहागृह १८९४ मध्ये पिकॅडिलीत उघडले. पुढे देशभर चहागृहांचे जाळे झाले. प्रत्येक दुकानातून रोज पाव, केक, पाय यांची मागणी यायची, रात्रीत भट्टी लागायची, सकाळी गाड्या निघायच्या. कपभर चहावर नफा तो किती, पैशा-दोन पैशांचा. त्यामुळे हिशेब चुकला की नफा गेला. बिले, पगार, मागण्या यांसाठी कारकुनांची फौज बसलेली असे. कंपनीत जॉन सिमन्स नावाचे गणिती अधिकारी होते. त्यांनी १९४७ मध्ये आपली दोन माणसे, थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड, अमेरिकेला कचेऱ्यांच्या कामातल्या नव्या पद्धती पाहायला पाठवली. प्रिन्स्टनमध्ये हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितले की, तुमच्या देशातच केंब्रिजला मॉरिस विल्क्स संगणक बनवत आहेत. काखेत कळसा असा निघाला. लायन्सने केंब्रिजला तीन हजार पौंड आणि आपला एक तंत्रज्ञ दिला. ते यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले आणि त्याच्याच धर्तीवर या चहावाल्यांनी स्वतःचा संगणक बांधायला घेतला! नाव ठेवले ‘लिओ’, म्हणजे लायन्सचे इलेक्ट्रॉनिक ऑफिस.

सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह, पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत ध्वनिलहरींच्या रूपाने फिरणारे आकडे, आणि स्मरणशक्ती जेमतेम काही हजार अक्षरांची. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या शेकडो पट जागा खातो. एवढ्याशा जागेत नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीतल्या मालाची किंमत काढण्याचे काम लिओने करून दाखवले. कचेरीचे नित्याचे काम संगणकाने करण्याची जगातली ही पहिली वेळ मानतात.

यात यंत्राइतकेच महत्त्व डेव्हिड कॅमिनर या माणसाचे आहे. ते इंजिनियर नव्हते. कंपनीच्या कचेऱ्यांतली कामे कशी चालतात हे पाहणे, कागद कुठून कुठे जातो ते शोधणे, ही त्यांची नोकरी. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी एक पाय गमावला होता. प्रोग्राम लिहिण्याआधी काम कागदावर पायरी-पायरीने मांडायचे, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासल्याशिवाय यंत्रावर चढवायचे नाही, अशी त्यांची कडक शिस्त होती. १९५२ मध्ये कंपनीच्याच कचेरीतून निवडल्या गेलेल्या मेरी कूम्ब्स या त्यांच्या गटातल्या. त्यांना धंद्याच्या कामाचे प्रोग्राम लिहिणारी पहिली स्त्री म्हणतात. फ्रेंच भाषा शिकलेल्या या बाई २०२२ मध्ये वारल्या.

त्यांच्या पगारपत्रकाच्या कामाची आकडेवारी नेहमी सांगितली जाते: एका माणसाच्या पगाराचा हिशेब करायला तरबेज कारकुनाला आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद. पण फराळवाल्या घराने लक्षात ठेवावे ते दुसरे काम, १९५४ मधले, चहागृहांच्या रोजच्या मागणीचे. आधी प्रत्येक चहागृहाची व्यवस्थापिका दररोज सगळी यादी लिहून पाठवी. गटाने पाहिले की, सोमवारची मागणी बहुधा मागच्या सोमवारसारखीच असते. मग प्रत्येक वाराची एक कायमची यादी करून यंत्राला दिली. व्यवस्थापिकेने ठरलेल्या वेळी फोनवर एवढेच सांगायचे की उद्या काय कमी-जास्त. दुसऱ्या टोकाला कारकून ते ऐकता ऐकता कार्डांना भोके पाडी. लिखाण कमी झाले, चुका कमी झाल्या, आणि त्या बाईची संध्याकाळ मोकळी झाली. ही युक्ती यंत्राच्या वेगातून आलेली नाही. दुकानाचे रोजचे काम नीट पाहिल्यावर सुचलेली आहे.

काकूंच्या घरीही हेच व्हायला हवे. प्रोग्रामर येतो तो बहुधा सुनेच्या भावाचा मित्र, हुशार, नम्र आणि घाईत असलेला. तो पहिल्याच दिवशी रंग कोणता हवा, लोगो कुठे हवा हे विचारू लागला तर त्याला चहा द्यावा, पण वहीसमोर बसवावे. “काकू, तुम्हाला नेमके काय काय हवे त्याची यादी द्या,” असे तो म्हणेल. अशी यादी कोणालाच देता येत नाही. रोज हाताखालून जाणारी गोष्ट सांगायची असते हेच माणसाला सुचत नाही. त्यापेक्षा त्याने दोन दिवस बाजूला बसून नुसते पाहावे. फोन आला की काकू आधी काय विचारतात? घासाघीस कोणाशी करतात, कोणाशी करत नाहीत? “अरे, साने बाईंना विचारायचे नसते, त्यांचे ठरलेले असते,” असे ओघात आलेले वाक्य म्हणजे लायन्सची ती कायमची यादीच. ते टिपून घ्यायचे असते.

बाजारात तयार प्रोग्रामही मिळतात, आणि शंभरातल्या निम्म्या घरांना ते पुरतात, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कित्येकांचे काम तर साध्या एक्सेलच्या तक्त्यात भागते. तयार ब्लाउज बसत असेल तर शिंप्याकडे खेटे कशाला? पण बाही तोकडी, गळा सैल, असे होऊ लागले की मापे देऊन शिवून घ्यावे लागते; आणि मग कच्च्या धावदोऱ्याची फेरीही करावी लागते. ती टाळून थेट पक्की शिलाई मागणारे गिऱ्हाईक आणि ती कबूल करणारा शिंपी, दोघेही पुढे भांडतात.

माप घेताना किती बारीक पाहावे लागते त्याचा एक नमुना. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात मराठी वस्ती चांगली आहे. तिथले पोस्टाचे क्रमांक ०८८२० असे शून्याने सुरू होतात. प्रोग्रामरने तो रकाना ‘आकडा’ म्हणून ठेवला तर संगणक पुढचे शून्य निरर्थक समजून गाळतो आणि डब्यावर ८८२० छापून येते. इंग्लंडच्या क्रमांकात तर अक्षरेही असतात. आपला पिनकोड सहा आकडी, म्हणून सहाच चौकोन ठेवले, तर लंडनची भाची फराळाला मुकली. पिनकोड हा आकड्यांसारखा दिसला तरी आकडा नाही, त्याची कोणी बेरीज करत नाही. तो मजकूर म्हणून साठवावा. फोन नंबराचेही तसेच. आणि भाव? यंदा चकली महागली म्हणून काकूंनी दर बदलला, तर मागच्या वर्षीच्या बिलांवरची रक्कमही बदलता कामा नये. म्हणून ऑर्डर घेतानाचा भाव त्या ऑर्डरपाशीच लिहून ठेवावा लागतो. वहीत हे आपोआप होते, कारण शाई पुसली जात नाही. कॅलिफोर्नियातून तिथल्या तारखेने दसऱ्याच्या आदल्या रात्री आलेली ऑर्डर आपल्याकडे दसऱ्याच्या सकाळी पोहोचते. ‘दसऱ्याच्या आधी सांगितले तर सवलत’ असे असेल तर तारीख कोणाची धरायची, हे काकूंनी ठरवायचे. प्रोग्रामरने मनानेच ठरवून टाकले तर भांडण काकूंच्या दारात येईल.

अनारशांचा मामला अजून नाजूक. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग पीठ मुरवायचे. ऐन वेळी वाढवता येणारा हा जिन्नस नाही. समजा चाळीसच डबे होणार आहेत. एकोणचाळीस गेले, आणि नाशिकहून एकीने व नागपूरहून दुसरीने त्याच क्षणी शेवटच्या डब्यावर बोट ठेवले. दोघींच्या पडद्यावर ‘एक शिल्लक’ असे दिसते आहे. निष्काळजी प्रोग्राम दोघींनाही ‘आभारी आहोत’ म्हणतो. नीट केलेला डेटाबेस पहिलीचे काम पुरे होईपर्यंत तो डबा धरून ठेवतो आणि दुसरीला थांबवतो. रेल्वेच्या आरक्षणात एका बर्थचा हाच प्रश्न देशाच्या पातळीवर सोडवावा लागतो. आयआरसीटीसीने ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवर तिकिटे द्यायला सुरुवात केली तेव्हा कागदी तिकीट कुरिअरने घरी येत असे, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही. पण एक बर्थ दोघांना जाऊ नये हा नियम तेव्हाही तोच होता, खिडकीवरही तोच. पैसे भरतानाही असेच. नेट अडकले म्हणून कोणी बटण दोनदा दाबले तर पैसे दोनदा जाता कामा नयेत.

हे सगळे एकदम करायला गेले की काम लांबते. आयबीएमसारख्या कंपनीत मोठे काम हाताळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे की, उशीर झालेल्या प्रोग्रामच्या कामावर आणखी माणसे लावली तर ते आणखी उशिरा होते, कारण नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. म्हणून आधी लहान तुकडा करावा: नुसती ऑर्डर लिहून घेणे आणि डब्यावरची चिठ्ठी छापणे. उधारी नंतर. परदेश त्यानंतर. अमेरिकेत कॅन्झस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात २००३ च्या सुमारास काही तरुण प्रोग्रामर वेबची कामे करत होते. संपादकांची मागणी सकाळी यायची आणि काम संध्याकाळी हवे असायचे. रोजरोज तीच तीच कामे करावी लागू नयेत म्हणून त्यांनी स्वतःपुरती जी हत्यारे बनवली तीच २००५ मध्ये ‘जँगो’ या नावाने सर्वांना मोफत खुली केली. एका गिटारवादकाचे ते नाव. वार्ताहरांना स्वतः माहिती भरता यावी म्हणून त्यात भरणीचे पडदे जवळपास आयते मिळतात. गावच्या छापखान्याच्या गरजेतून निघालेले हे हत्यार आज जगभर वापरतात, आणि काकूंचा प्रोग्रामरही कदाचित त्यावरच काम करील. त्यामुळे ‘सगळे शून्यापासून लिहावे लागते’ असे सांगून कोणी मोठा आकडा मागितला, तर सुनेने दोन प्रश्न जास्त विचारावेत.

पैशाच्या गोष्टी तर मोकळेपणाने बोलाव्यातच. आपल्याकडे ओळखीतल्या मुलाशी कागद करायचा संकोच वाटतो आणि तिथेच घोटाळा होतो. वेबचा पत्ता, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर घेतले? वर्षाला त्याचे आणि सर्व्हरचे भाडे किती, ते कोणी भरायचे? लिहिलेला प्रोग्राम कोणाचा? मुलगा उद्या नोकरीसाठी सिंगापूरला गेला तर दुसऱ्याच्या हाती देता येईल अशी टिपणे त्याने ठेवली आहेत का? बॅकअप रोज निघतो असे तो सांगेल. तो बॅकअप परत चढवून एकदा दाखव, असे म्हणावे. परत चढवून पाहिला नाही तो बॅकअप असून नसल्यासारखा. गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, फोन हे लोकांनी विश्वासाने दिलेले असतात. ते कोणाकोणाला दिसावेत, हेही ठरवून ठेवावे. डबे भरायला येणाऱ्या मुलीला पत्ता दिसला पाहिजे, उधारी दिसायची गरज नाही.

आणि मुहूर्त? दिवाळीचा नको. हौसेने सगळ्यांना तोच सुचतो. गणपतीच्या आधीचे शांत महिने बरे. तेव्हा पाच-पन्नास ऑर्डरींवर चुका सापडतात आणि कोणाचा सण बुडत नाही. लायन्सनेही पगाराचे काम लिओवर सोपवण्याआधी काही आठवडे दोन्ही चालवले होते, यंत्राचा हिशेब आणि कारकुनांचा हिशेब, आणि ताळा जमल्यावरच हाताचे काम थांबवले. काकूंनीही पहिले दोन महिने वही चालू ठेवावी. सून हसेल. हसू द्यावे. संध्याकाळी दोघींनी बसून पडदा आणि वही ताडून पाहावी. फरक निघेल तिथे नेहमी संगणकच चुकलेला असतो असेही नाही; वीस वर्षांत कधी न सापडलेली वहीतली एखादी बेरीजही त्यात उघडी पडते, आणि मग घरात थोडा वेळ शांतता पसरते.

काकूंची खरी धास्ती बेरजेची नसतेच. कोण गिऱ्हाईक कसे, कोणाला काय चालते, हे सगळे त्यांच्या डोक्यात आहे म्हणून धंद्यात त्यांचे स्थान आहे. ते पडद्यावर गेले की आपण कोण, ही ती धास्ती, आणि ती त्या बोलून दाखवत नाहीत. त्या म्हणतात, “मला ते चष्म्यातून दिसत नाही.” समजूतदार प्रोग्रामर अक्षर मोठे करून देतो; अधिक समजूतदार सून पहिल्या दिवसापासून त्यांना त्याच्या शेजारी बसवते आणि नावे, रकाने, नियम त्यांच्या तोंडून घेते. पडद्यावर ‘कस्टमर आयडी’ असे लिहून येण्याऐवजी ‘गिऱ्हाईक’ असे आले, ‘पेंडिंग’च्या जागी ‘येणे’ आले, की काकूंचे बोट आपोआप पुढे जाते. आता देवनागरी कोणत्याही पडद्यावर नीट दिसते. एका संगणकावरचे मराठी दुसऱ्यावर चौकोन-चौकोन होण्याचा काळ मागे पडला.

एका रकान्यावरून मात्र शेवटपर्यंत ओढाताण चालते. काकूंना प्रत्येक ऑर्डरीसमोर ‘शेरा’ हवा असतो, मोकळा, हवे ते लिहिता येईल असा. प्रोग्रामरला तो नको असतो. “काकू, मोकळ्या मजकुरावर संगणकाला हिशेब करता येत नाही. तुम्ही पर्याय सांगा, मी यादी करतो. तिखट कमी, तिखट जास्त, साखर कमी.” त्याचे म्हणणे शास्त्रानुसार खरेच आहे. काकू वही उघडून दाखवतात. एका ओळीपुढे लिहिलेले असते, ‘आजोबांचे दात गेले, चकलीऐवजी बेसन लाडू मऊ.’ दुसरीकडे, ‘यंदा त्यांच्याकडे दिवाळी नाही, विचारू नये, फक्त मुलांसाठी चिवडा पाठवणे.’ मुलगा दोन्ही ओळी वाचतो, काही बोलत नाही, आणि शेऱ्यासाठी पाचशे अक्षरांची जागा ठेवतो. डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठीवर तो मजकूर छापायचा नाही, फक्त डबा भरणाऱ्या मुलीच्या पडद्यावर दाखवायचा, ही सूचना तेवढी सुनेची.